आईचे गाव कोणत्या रंगात?

रात्रीचे अडीच वाजले होते. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बोलायला गेली तर दोन शब्दांनंतर थांबावे लागे. नोव्हेंबरचा महिना, दिल्लीची हवा. खिडक्या घट्ट लावून घेतल्या तरी धुराचा वास घरात येतच होता. यांनी गाडी काढली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेले.

मशीनची वाफ दिल्यावर पहाटे तिचा श्वास लागी लागला. डॉक्टर म्हणाले, "यांना धुरापासून दूर ठेवा. कोरडी, उबदार, मोकळी हवा मानवेल. एरवी कुठे राहतात?"

"सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात."

"तिथली हवा कशी आहे?"

"कोरडी. उबदार. मोकळी."

डॉक्टर काहीच बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आईला हट्टाने दिल्लीला आणणारी मीच होते.

तीन घरे, तीन हवा

बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या संध्याकाळी आम्ही तिघे भावंडे ओसरीवर बसलो होतो. प्रश्न एकच होता: आईचे काय? सत्तरी उलटलेली, गुडघे दुखणारे, दम्याचा जुना त्रास. तिला दुष्काळी गावात एकटी ठेवायचे? लोक काय म्हणतील? ठरले असे की तिने चार-चार महिने प्रत्येकाकडे राहावे. तिला कोणी विचारले नाही. विचारले असते तरी ती म्हणाली असती, "तुमी म्हनाल तसं."

आधी ती मुंबईला दादाकडे गेली. वहिनी मायेची, घर भरलेले. पण मुंबईची हवा म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखी. समुद्र जमिनीसारखा झटकन तापत नाही आणि झटकन निवतही नाही. त्यामुळे मुंबईत सगळ्यांत गरम आणि सगळ्यांत थंड महिन्याच्या सरासरी तापमानात जेमतेम सहा-सात अंशांचा फरक असतो. ऐकायला हे सुखाचे वाटते, पण हवेत बाष्प इतके, की घाम वाळतच नाही. पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली आणि आईचा दमा उसळला. २००५ साली जुलैच्या २६ तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ही आठवण दादाने तिला सांगितली. आई म्हणाली, "आमच्याकडं दोन वर्सं मिळून येवढा पडत न्हाई रं!" हिशेब जवळजवळ बरोबर होता. आमच्या भागाची वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास.

मग बंगळूरला ताईकडे. तिथली हवा सगळ्यांना आवडते. बंगळूर आणि चेन्नई जवळजवळ एकाच अक्षांशावर, विषुववृत्तापासून तेरा अंशांवर. पण चेन्नई समुद्रकाठी आणि बंगळूर नऊशे मीटरहून अधिक उंचीवर. दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते, म्हणून चेन्नई घामाघूम आणि बंगळूर गारेगार. ताई खूश होती, आई मात्र गप्प गप्प. गारव्याने गुडघे आखडले. शेजारणीशी बोलायला भाषा नाही. दिवसभर गॅलरीत बसून ती खालची माणसे मोजायची, असे ताईने फोनवर सांगितले.

मग मी म्हटले, "आता माझ्याकडे. दिल्लीला थंडी असते, पण हीटर आहे." दादा म्हणाला, "अगं, तिकडचा धूर तिला सोसणार नाही." मी ऐकले नाही. खरे सांगायचे तर मला आई हवी होती. नोकरी, घर, सातवीतली लेक... शेंडेफळ असले तरी कधीतरी आईच्या हातची भाकरी खावी, संध्याकाळी घरी आल्यावर कोणीतरी दार उघडावे, असे वाटत होते. तिच्या सोयीच्या नावाखाली मी माझी सोय पाहत होते. दिल्ली समुद्रापासून दूर, जमिनीच्या मधोमध. इथे मे-जूनमध्ये अंग भाजते आणि जानेवारीत दात वाजतात. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, जणू पातेल्यावर झाकण. वाराही मंद. खालचा धूर वर जायला वाटच नाही. आणि त्या पातेल्यात मी दम्याच्या आईला आणून बसवले होते.

पोळपाट आणि बॅटरी

दवाखान्यातून परत आल्यानंतरच्या रविवारची गोष्ट. लेकीला भूगोलाचा प्रकल्प होता: जगाच्या नकाशात हवामानाचे पट्टे रंगवायचे. ती आईच्या पलंगापाशीच पसारा मांडून बसली.

"आजी, सांग बरं, विषुववृत्तावर जास्त ऊन का?"

आईने मान हलवली. लेक धावत जाऊन पोळपाट आणि बॅटरी घेऊन आली. पोळपाटावर झोत सरळ पाडला, लख्ख गोल उमटला. मग पोळपाट तिरका केला, तोच झोत पसरून फिकट झाला. "बघ, प्रकाश तेवढाच, पण जास्त जागेत वाटला गेला. ध्रुवाकडे ऊन असं तिरकं पडतं, म्हणून तिकडे बर्फ."

"म्हंजे येक भाकर दोघांत न् येक भाकर धा जनांत," आई म्हणाली. मला वाटते, पाठ्यपुस्तकात याहून सोपे कोणी लिहिलेले नाही.

मग मीही त्यांच्यात बसले. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढते, थंड होते, तिथेच भरपूर पाऊस पाडते. कोरडी झालेली तीच हवा दोन्ही बाजूंना तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा तापते, ढग बनू देत नाही. म्हणून सहारा, कलहारी, ऑस्ट्रेलियातले वाळवंट ही सगळी त्याच सुमाराला. समुद्राचे प्रवाहही हवामान बदलतात. लंडन आणि कॅनडाचा लॅब्राडोर किनारा साधारण सारख्याच अक्षांशांवर. पण अटलांटिकमधला उबदार प्रवाह युरोपकडे जातो, म्हणून लंडनचा हिवाळा सौम्य. आणि लॅब्राडोरला आर्क्टिककडून थंड प्रवाह येतो, म्हणून तिथला किनारा हिवाळ्यात गोठतो.

आई लक्ष देऊन ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "आन् आपलं गाव कंच्या रंगात?"

लेकीने पिवळा खडू दाखवला. "हा. उष्ण, निमकोरडा."

"का? समिंदर तर मुंबईवाल्यांचा त्योच हाय की."

हा प्रश्न लहानपणी मीही तिला विचारला होता. पावसाळ्यात आम्ही अंगणात उभे राहायचो. पश्चिमेकडून काळेभोर ढग यायचे, डोक्यावरून पुढे जायचे. आई म्हणायची, "आले, बघितलं, गेले!" उत्तर सह्याद्रीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे डोंगराला अडून वर चढतात, गार होतात आणि सारे पाणी तिथेच ओततात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. डोंगर ओलांडून वारे खाली उतरले की पुन्हा तापतात आणि कोरडे होतात. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यात, आमच्या माणात पाचशे. डोंगराच्या सावलीतला हा पट्टा, म्हणून त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

"सावली म्हंजे सुखाची आसती आसं वाटायचं मला," आई म्हणाली.

बाजरीचा देश

हे पट्टे ज्यांनी आखले ते व्लादिमिर क्योपेन. जन्म १८४६, सेंट पीटर्सबर्गचा. बालपण क्रिमियात आणि पुढचे शिक्षण पुन्हा सेंट पीटर्सबर्गला. त्या लांबच्या प्रवासात खिडकीबाहेरची झाडे कशी बदलत जातात हे ते पाहत राहिले. हवामान ओळखायचे तर तिथे काय उगवते ते पाहा, हा त्यांच्या पद्धतीचा पाया. १८८४ मध्ये त्यांनी पहिला नकाशा प्रसिद्ध केला आणि पुढे अनेक वर्षे त्यात सुधारणा केल्या. उष्ण, कोरडे, समशीतोष्ण, कडक हिवाळ्याचे आणि ध्रुवीय हे त्यांचे पाच मुख्य गट. यात कोरडा गट वेगळा आहे. तिथे नुसते तापमान पाहत नाहीत. पडलेल्या पाण्यापैकी उन्हाने किती उडून जाऊ शकते, याचा हिशेब करतात.

आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "आगं, ह्ये तर आमाला ठावंच हाय. भात येतो त्यो कोकन, बाजरी येती त्यो आमचा देस. पडल्यालं पानी जिथं टिकत न्हाई तिथं बाजरीच पेरायची."

लेकीने तेवढ्यात आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेचा पट्टा त्याच पिवळ्या खडूने रंगवला. "आजी, हे बघ, तुझ्या गावाचाच रंग! आणि आमच्या बाई म्हणाल्या, बाजरी मुळात इथूनच आली, हजारो वर्षांपूर्वी."

आईने चष्मा लावला. नकाशा जवळ ओढला. त्या पट्ट्यावरून बोट फिरवत बराच वेळ पाहत राहिली. "म्हंजे तिकडं बी बायका आबाळाकडं बघत आसत्याल," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला घरी सोड, पोरी."

वर्षभरात तिने पहिल्यांदाच काही मागितले होते.

मी बोलायला लागले. १९७२ च्या दुष्काळाच्या तिच्याच गोष्टी तिला ऐकवल्या. रोजगारावर खडी फोडायला गेलेली विशीतली ती, सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो, ज्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. २०१९ साली माणात पुन्हा चारा छावण्या उभ्या राहिल्या होत्या, हेही सांगितले. आता तर सारी पृथ्वी तापते आहे. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सगळ्यांत उष्ण वर्ष ठरले. असल्या ठिकाणी तुला एकटी कशी ठेवू?

आई शांतपणे म्हणाली, "बाहत्तरात बी आमी गाव सोडलं न्हाई. ती हवा मला वळखती, मी तिला वळखते. हितं मला हवा बी वळखत न्हाई न् मानसं बी."

त्या रात्री मी दादाला आणि ताईला फोन केला. पहिल्यांदा माझी चूक कबूल केली. मग वादावादी झाली, थोडी रडारड झाली. शेवटी ठरले. चुलतभावाचे घर भिंतीला भिंत लावून आहे. त्याची बायको रात्री सोबतीला येईल. आम्ही तिघे पाळीपाळीने गावी जाऊ. आईने आमच्याकडे फिरायचे नाही, आम्ही तिच्याकडे जायचे. आणि तिच्यासाठी एक अट: चूल बंद. धूर दिल्लीचा काय न् चुलीचा काय, दम्याला सारखाच. यावर तिने पुष्कळ कुरकुर केली. "ग्यासवरच्या भाकरीला काय चव?" पण कबूल झाली.

डिसेंबरात मी तिला पोचवून आले. एस.टी.तून उतरल्यावर तिने नुसता एक लांब श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही. मी मात्र तोंड फिरवून डोळे पुसले.

दमा गेलेला नाही, गुडघे दुखतातच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागली, तेव्हा माझा जीव दिल्लीत टांगणीला होता. आम्ही बरोबर केले का, हा प्रश्न रात्री कधी कधी अजून छळतो. म्हाताऱ्या माणसाला नुसती हवा मानवून भागत नाही, हेही कळते. पण तिच्याही मुळांना कुठली माती मानवते, हे विचारायला हवे होते, आणि ते आम्ही सगळ्यांत शेवटी विचारले.

लेकीच्या खोलीत तो नकाशा अजून भिंतीवर आहे. पिवळ्या पट्ट्यात तिने पेनने एक बारीक टिंब काढले आहे आणि शेजारी लिहिले आहे, 'आजी'. रोज संध्याकाळी सातला ती फोन लावते आणि पहिला प्रश्न विचारते, "आजी, पाऊस आला का?"

पलीकडून ठरलेले उत्तर येते, "आला, बघितलं, गेला!" आणि दोघी खळखळून हसतात.