वीतभर खोलीचा छंद

कोणाला पोस्टाची तिकिटे जमविण्याचा नाद असतो, कोणाला आगपेट्यांवरील चित्रांचा. मला जमिनीत हरवलेले धातू हुडकण्याचा नाद आहे. पाश्चात्य देशांत हा छंद बाळगणारे लोक सुटीच्या दिवशी खांद्याला यंत्र अडकवून समुद्रकिनाऱ्यावर वा सार्वजनिक उद्यानात फिरताना दिसतात. आमच्या लोधीखेड्यास ना समुद्र, ना मोठे उद्यान. आमच्या वाट्याला जाम नदीची वाळू, बाजाराचे मैदान आणि शाळेचे पटांगण एवढेच आले आहे. परंतु विद्यार्थिमित्रांनो, हा मुलूख धातूंच्या दृष्टीने दरिद्री नाही. या गावात एके काळी तांब्यापितळेची भांडी घडत, आणि पोळ्याला घुंगुरमाळा घालून मिरविलेल्या बैलांनी पिढ्यान्‌पिढ्या किती घुंगरे वाटेत सांडली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

यंत्राची करामत थोडक्यात सांगतो. काठीच्या टोकाला थाळीएवढी चकती असते व तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्या तारेतून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह खेळविला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. खाली धातू असला तर त्याच्या अंगात लहान लहान भोवरप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकत्व उलट वर येते. ते ऐकून यंत्र कानात 'टूं' करते. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली याच तत्त्वावर एक यंत्र जुळविले होते. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना २ जुलै रोजी गोळी लागली, ती शरीरात नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी. गोळी सापडली नाही. बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी यंत्रास चकविले असे सांगतात. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या योझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारे यंत्र सिद्ध केले व १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात ते उपयोगी पडले. आज आम्ही हौशी लोक ज्याच्या साह्याने चार आणे शोधतो, त्याचे पूर्वज असे जीवनमरणाच्या कामावर राबलेले आहेत.

माझे पहिले यंत्र फुकटचे होते. मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर आणि खिशातील गणकयंत्र पाठीला पाठ लावून बांधले, स्टेशन नसलेल्या जागी काटा नेला, की रेडिओत एक बारीक गुणगुण ऐकू येते. धातू जवळ आला की तिचा स्वर पालटतो. दाराची कडी दोन बोटांवरून ओळखण्यापलीकडे त्याची मजल नव्हती. तथापि हा प्रयोग घरी प्रत्येकाने करून पाहावा, कारण त्यातील आनंद पुढच्या महागड्या यंत्रांत मला क्वचितच मिळाला.

दुसरे यंत्र विकत घेतले, ते एकाच कंपनसंख्येवर चालणारे होते. त्याचा मोठा गुण म्हणजे लोखंड वगळण्याची सोय. खिळे, नाली, गाडीच्या धावेचे तुकडे यांना ते मौन बाळगी आणि तांबे, चांदी दिसली की उंच स्वरात बोले. १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा मला त्याच यंत्राने बाजाराच्या मैदानात मिळवून दिला. परंतु या सोयीत एक खोच आहे आणि ती नवशिक्याला कोणी सांगत नाही. सोन्याची पातळ अंगठी आणि औषधाच्या गोळ्यांचे चंदेरी वेष्टन या दोहोंचा स्वर यंत्राला जवळजवळ एकच वाटतो. जो कचरा वगळतो तो सोनेही वगळतो! आणखी गंमत अशी की, पोलादी रुपयाची नाणी लोहचुंबकाला चिकटतात. साहजिकच लोखंड वगळावयास सांगितलेले यंत्र त्यांच्यावरून कित्येकदा मुकाट्याने निघून जाते आणि शेजारच्या जुन्या तांब्याच्या पैशावर मात्र आनंदाने ओरडते. त्याला बाजारभाव कळत नाही, धातू कळतो.

समुद्राची हौस एकदा कोकणात भागविली. गणपतीपुळ्याला गेलो असता यंत्र बरोबर नेले होते. कोरड्या वाळूत ते शहाण्यासारखे वागले. पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूत नेताच ते अखंड कोकलू लागले. कारण साधे आहे. खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून यंत्राला सगळा किनाराच धातूचा भासतो. शिवाय रत्नागिरीच्या त्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोह-टिटॅनियमयुक्त खनिजाची काळी वाळू पसरलेली आहे, तिची भर वेगळीच. बरोबरच्या स्नेह्याकडे स्पंदन पद्धतीचे यंत्र होते. ते प्रवाहाचा झटका देऊन थांबते आणि धातूतील प्रवाह विझताना ऐकते. त्याला खाऱ्या व काळ्या वाळूचा जाच फार कमी झाला. मात्र त्याला लोखंड व सोने यांत भेद करता येत नव्हता. दिवसभरात त्याने जे खणून काढले, त्यात होड्यांचे गंजके खिळेच अधिक. पुढे माझ्या पुतण्याने अनेक कंपनसंख्या एकाच वेळी वापरणारे यंत्र घेतले. ते निरनिराळी उत्तरे ताडून मिठाचा गोंगाट वजा करते. दोन्ही ठिकाणी चालणारे असे तेच एक मी पाहिले. पण तो ते नागपुरातील एका बागेत घेऊन गेला, तेव्हा चौकीदाराने त्याला तासभर बसवून ठेवले. चौकीदाराचे मी कौतुकच करतो. लेखी परवानगीवाचून सार्वजनिक बागेत खुरपे चालविणाऱ्यास त्याने काय नमस्कार करावा?

आमच्याकडील मातीही यंत्राची परीक्षा पाहते. जामच्या वाळूतून लोहचुंबक फिरवा, त्याला काळी भुकटी चिकटेल. दख्खनच्या काळ्या पाषाणातून सुटलेले ते मॅग्नेटाइटचे कण होत. सौंसरचे नाव तर भूविज्ञानाच्या ग्रंथांत एका खडकसमूहाला मिळालेले आहे. आणि येथील मँगनीजचा अभ्यास करणाऱ्या फर्मोर या शास्त्रज्ञाने आमच्याच मुलखातील सितापार या खेड्यावरून एका खनिजाचे नाव 'सितापाराइट' ठेवले होते. पुढे ते पूर्वीच माहीत असलेले बिक्सबाइटच ठरले, पण खेड्याचे नाव काही वर्षे जगभर फिरून आले!

आता जे सांगतो त्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. हातात असे यंत्र असले, की गावात माणसाची एक भलतीच कीर्ती होते. रात्री कडी वाजते, हलक्या आवाजात 'गुप्तधन' हा शब्द उच्चारला जातो. गेल्या वर्षी जवळच्या खेड्यातील एक संत्रा-बागाईतदार असाच आला. दोघा परक्या इसमांनी त्याला एक उपकरण दाखविले होते. मुठीवर सैल फिरणारी एक सळई, बस्स! ती दोन फर्लांगांवरचे सोने दाखविते म्हणे. बयाणा देऊन झाला होता; उरलेल्या रकमेकरिता बागेचा हंगाम आगाऊ विकण्याची बोलणी चालली होती.

"गुरुजी, तुमची मशीन जमिनीत किती खोल पाहते जी?"

"नाणे असेल तर वीतभर. हंडा असेल तर हातभर, फार झाले तर थोडे अधिक."

"आन्‌ हे तर दोन फर्लांग पाहते म्हंतात! वडाच्या बुडाशी हंडा हाय, असं त्यायनं सांगतलं."

ते उपकरण एका रात्रीपुरते त्याच्या ताब्यात होते. मी वाद घातला नाही. ओसरीवर पाच गाडगी पालथी घातली, एकीखाली पत्नीची अंगठी ठेवली आणि सळई त्याच्याच हातात दिली. अंगठी कोठे आहे हे त्याला दाखवून ठेवले, तेव्हा सळई दर वेळी अचूक वळली. मग त्याला आत पाठवून जागा बदलली आणि मीही पाठ फिरवून बसलो, की माझ्या चेहऱ्यावरून त्याला काही कळू नये. दहा वेळा हा प्रकार केला. सळईने दोनदा अंगठी दाखविली, आठदा रिकामे गाडगे. पाचांतून एक डोळे मिटून निवडले तरी दहांत सरासरी दोनदा बरोबर येते. नंतर त्याने स्वतःच मूठ उघडली. आत ना तार, ना बॅटरी.

हा खेळ केवळ खेड्यातला आहे असे समजू नका. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज गृहस्थाने अशीच सळई 'बाँबशोधक' म्हणून इराकसारख्या देशांना अफाट किमतीस विकली. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका स्वस्त खेळण्याची ती सुधारून वाढविलेली आवृत्ती होती. बगदादच्या चौक्यांवर पहारेकरी ती हातात धरून मोटारी तपाशीत आणि बाँब भरलेल्या मोटारी पुढे जात. २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

बागाईतदाराचा बयाणा बुडाला, हंगाम मात्र वाचला. जाताना त्याने विचारले, "म्हणजे जमिनीत काहीच नसते का जी?" असते तर! १८७० साली बालाघाटाकडील गुंगेरिया येथे ताम्रयुगातील तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले, ते गुरे चारणाऱ्या मुलांना. १९७४ साली दायमाबादला रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी साठ किलोंहून अधिक वजनाची कांस्यशिल्पे निघाली, ती झुडपाचे मूळ खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्यास. दोन्ही ठिकाणी ना यंत्र होते, ना मांत्रिक. आणि असे काही निघाले तर ते गुपचूप सोनाराकडे नेण्याची वस्तू नव्हे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडताच जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. मालक पुढे न आल्यास, आणि आपसांत वेगळा करार नसल्यास, त्याचे तीन हिस्से शोधणाऱ्याला व एक जमीनमालकाला असा नियम आहे. सरकार तो ठेवा किंमत देऊन घेऊही शकते. जो लपवितो त्याचा हिस्सा जातो आणि वर तुरुंग. जुने किल्ले व संरक्षित स्मारके येथे तर परवानगीवाचून कुदळ लावूच नये. मला देवगडच्या किल्ल्यावर नेऊ पाहणारे पुष्कळ भेटले; मी यंत्राच्या बॅटऱ्या काढून त्यांच्यापुढे चहा ठेवतो.

या छंदाचे खरे काम निराळेच असते. गेल्या चैत्रात शेजारच्या काकू जामवर गोधड्या धुवावयास गेल्या, तेथे त्यांच्या गळ्यातील पोत तुटली. काळे मणी वेचून झाले, पण सोन्याच्या दोन्ही वाट्या वाळूत गेल्या. "गुरुजी, सोन्याचा लोभ नाही जी, पण माह्या सासूनं घातलेल्या वाट्या होत त्या." साखळी असती तर मी आशा दाखविली नसती, साखळीची कडी सुटी सुटी असतात, यंत्राला ती कणांसारखी वाटतात. वाटी मात्र अखंड, तिच्यात भोवरा फिरतो. दोऱ्या ताणून वाळूचे हातहातभर रुंदीचे पट्टे पाडले, लोखंड वगळण्याची कळ बंद केली आणि चकती वाळूला घासून संथपणे चालविली. पहिल्या संध्याकाळी बाटल्यांची सतरा झाकणे, एक फुटका विळा आणि गोळ्यांची वेष्टने निघाली. दुसऱ्या संध्याकाळी एक घुंगरू. दर आवाजाला खणायचे, चाळायचे, खड्डा बुजवायचा. काकू काठावर बसून होत्या. एक शब्द बोलत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी अंधार पडता पडता पुन्हा तोच वेष्टनाचा स्वर आला. चार बोटे वाळू उपसली आणि चाळणीत एक वाटी पिवळी चमकली. काकूंनी ती पदराच्या टोकात बांधली. दुसरी अद्याप मिळालेली नाही. पावसाळ्यात नदी वाळू हलविते आणि जड वस्तू खाली खाली बसतात, म्हणून पाणी ओसरले की खडकाच्या कपारीपासून आरंभ करणार आहे. आठवीतील दोन मुलांनी चाळणी धरण्याचे कबूल केले आहे.