उणे उणे अधिक

दिवाळीच्या फराळात गणित वाढणे म्हणजे चकलीच्या डब्यात कारले ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. पण मास्तरकीची सवय सुटत नाही. आणि अधिक-उण्याशिवाय कोणाचा संसार चालला आहे?

ही चिन्हे मोठी फसवी. आज अधिकाचे म्हणून जे चिन्ह आपण गिरवतो, तसलेच चिन्ह 1881 साली पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात उणे दाखवायला वापरले आहे! आपली अधिक-उण्याची चिन्हे छापील पुस्तकात आली ती 1489 साली, योहान विडमन या जर्मन ग्रंथकाराच्या. बरोबरीच्या दोन समांतर रेघा 1557 साली इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने आखल्या. म्हणजे चिन्ह हा नुसता संकेत. कुंकू आडवे लावावे की गोल, ही जशी घराघरांची रीत.

उदाहरण सोडवण्याचा क्रमही तसाच. 'कंचेभागुबेव' हा मंत्र आपण सर्वांनीच घोकला आहे. 2 + 3 × 4 चे उत्तर 14. बेरीज आधी करून 20 आणणारे पोर मूर्ख नसते. त्याला रीत ठाऊक नसते, इतकेच. आणि मंत्रातही एक मेख आहे. 10 − 3 + 2 मध्ये 'बे' आधी म्हणून बेरीज आधी केली, तर 5 उरतात. बरोबर उत्तर 9. बेरीज-वजाबाकी एकाच पंक्तीच्या. डावीकडून जी आधी भेटेल ती आधी.

'ऋण गुणिले ऋण, धन' ही मात्र नुसती रीत नव्हे. ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात हा नियम सांगितला. त्याचे शब्दच पाहा: धन आणि ऋण, पैसा आणि कर्ज. दुकानदाराच्या वहीत तुमच्या नावावर 20-20 रुपयांच्या 3 उधाऱ्या आहेत. त्याने तिन्ही खोडल्या. तीन वेळा ऋण गेले. तुमची स्थिती 60 रुपयांनी सुधारली. कोणत्याही चिन्हांनी लिहा, हे बदलत नाही.

मुले बीजगणिताला बिचकतात ती पुष्कळदा इथेच. 'का?' म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते, 'तसा नियमच आहे.' रीत कोणती आणि कारण कोणते, हे वेगळे करून सांगितले नाही, की मुलाचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

सातवीतल्या एका मुलीला मी हा वहीचा हिशेब सांगितला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, आमचं सगळं कर्ज खोडलं, तर आम्ही श्रीमंत होऊ?"

"नाही बाळ, शून्यावर याल."

तिने मान डोलावली. "मग शून्यसुद्धा पुष्कळच वर आहे."

त्या दिवशी फळ्यावर संख्यारेषा काढताना शून्य मी जरा ठळक काढले.