हरण्या

हरण्याला नीट बसताच येत नसे. ‘बस’ म्हटलं की तो मागचे पाय दुमडल्यासारखं करी, क्षणभर ताटकळे आणि सरळ आडवा होई. आजी त्याला आळशी म्हणायची. जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा त्याची मांडी चाचपून पाहिली. “एवढ्या लांब, भरीव मांड्या घेऊन बसणं सोपं नाही, आजी,” ते म्हणाले. तेव्हापासून आजीने तो विषय सोडला.

आमच्या नांदगावच्या मळ्यातला हरण्या कारवानी जातीचा शिकारी कुत्रा होता. कारवानी आणि मुधोळ ही एकच जात की दोन, यावर जाणकार अजून भांडतात. यातल्या मुधोळच्या नशिबी २००५ साली टपाल तिकीट आलं. आमच्याकडे मात्र भाकरी आणि ताक.

तो चालत असताना मी त्याच्या पाठीवर तळवा ठेवी. खांद्याची दोन्ही पाती आळीपाळीने वर येऊन हाताला लागत. कुत्र्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसतात, नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात. म्हणून पातं मागेपुढे सरकतं आणि ढांग लांब पडते. त्यात कणाही लवचीक. भरधाव घोडा एका ढांगेत एकदाच अधांतरी असतो, हरण्या दोनदा असे: एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले, एकदा पुढेमागे ताणलेले. कांदा काढलेल्या वावरात ससा उठला की हे दिसायचं, पण डोळ्यांना धड टिपता येत नसे.

नाकापेक्षा त्याचा भरवसा डोळ्यांवर. लांबट कवटीवर बाजूला वळलेले डोळे, त्यामुळे बांधापलीकडे उडालेली प्लास्टिकची पिशवीसुद्धा सुटायची नाही. एकदा पळत सुटला की हाक गेली वाऱ्यावर. आमच्या शिवारालगत भुसावळकडे जाणारा लोहमार्ग, म्हणून त्याला मोकळं सोडताना बाबांचा जीव टांगणीला लागे.

अंगावर चरबी नाही, केस आखूड. पौषातल्या थंडीत तो आजीच्या गोधडीत शिरे आणि तीही गुपचूप सरकून घेई. छाती खोल असलेल्या कुत्र्यांना भरल्या पोटी पळवलं तर पोटाला पीळ पडण्याची भीती असते, म्हणून जेवल्यावर त्याला बाबा स्वतः बांधून ठेवत. म्हातारपणी त्याने बांध ओलांडणं सोडलं, पण ससा दिसला की जागच्या जागी थरथरे.

हल्ली शहरात या जातीची पिल्लं हौसेने नेतात. खुशाल न्या, पण रोज पळायला कुंपणातलं मोकळं रान देता येणार नसेल, तर दुसरं एखादं कुत्रं पाळा.