बावीसशेवरून अठराशेवर

जुहूहून सेसना 152 उडवायचं, किनारा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेला यायचं, वरळीला आत वळून रेसकोर्स ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेचे रूळ पार झाले की डिलाईल रोडच्या चाळींच्या रांगा शोधायच्या, हा 2021 च्या पावसाळ्यातला माझा संध्याकाळचा नेम होता. विमान अर्थातच कॉम्प्युटरमधलं. खऱ्या विमानाला या भागावर अशा मनमोकळ्या घिरट्या कोणी घालू देणार नाही. सांताक्रूझचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. ऑफिसचं काम तेव्हा घरूनच चाले. ना. म. जोशी मार्गावरच्या, म्हणजे त्याच डिलाईल रोडच्या, बीडीडी चाळींच्या काही इमारती रिकाम्या होऊ लागल्या होत्या, आमची अजून झाली नव्हती. 160 चौरस फुटांची खोली, तिच्यात घडीचं टेबल, टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं विमानाचं सुकाणू, शेजारी थ्रॉटलचा वेगळा डबा आणि सीपीयू कॉटखाली. रात्री त्याच टेबलावर ताटं मांडली जायची, त्यामुळे विमान वेळेत उतरवणं भाग होतं.

आणि ते वेळेआधीच उतरू लागलं. दीड हजार फुटांवर आलो की खालचं नीट बघता यावं म्हणून मी थ्रॉटल मागे घेऊन इंजिन मिनिटाला 2,200 फेऱ्यांवर आणायचो. काही मिनिटं सगळं सुरळीत चालायचं. मग टॅकोमीटरचा काटा उतरू लागे. झटका नाही, धूर नाही, धोक्याचा दिवा नाही. 2,200 चे 2,100, मग 2,000. तोवर उंचीही ढळलेली असे, कारण नाक वर धरून ठेवलं की वेग जायचा आणि खाली केलं की उंची. 1,800 च्या आसपास इंजिन खडखडायला लागायचं. कधी थ्रॉटल पुढे रेटल्यावर सावरायचं, कधी रेसकोर्सच्या हिरवळीवर उतरण्यावाचून गत्यंतर नसे.

ताकद जाते तेव्हा हात आपोआप थ्रॉटलकडे जातो. माझं मत असं की शोध घ्यायचा असेल तर नेमका तोच हात आवरावा. थ्रॉटल हलवलं की काटा हलतो, आवाज बदलतो आणि मूळ लक्षण त्या गडबडीत हरवतं. वैमानिकांना शिकवतात तेही हेच आहे: आधी विमान सांभाळा. 152 चं इंजिन गेलं तर वेग 60 नॉटवर आणायचा, उतरायला जागा हेरायची आणि मग कारण शोधायचं. तेव्हा मी ठरवलं की काटा उतरू लागला की थ्रॉटलवरून हात काढून घ्यायचा आणि फक्त बघत राहायचं.

पहिला संशय थ्रॉटलच्या डब्यावरच होता. आतल्या पोटेन्शियोमीटरवर धूळ बसली की आकडे थरथरतात, आणि आमच्या भागातली पावसाळी हवा अशा वस्तूंना मानवत नाही. पण ही शंका तपासायला सोपी असते. सिम्युलेटरच्या कॉकपिटमधला थ्रॉटलचा दांडा तुमच्या हातातल्या दांड्याबरोबर हलतो. डबा खोटा आकडा पाठवत असेल तर पडद्यावरचा दांडाही मागे सरकताना दिसला पाहिजे. मी काट्याकडे आणि दांड्याकडे आळीपाळीने बघत राहिलो. काटा 2,200 वरून खाली आला, दांडा तसूभरही हलला नाही. म्हणजे हुकूम बरोबर पोचत होता. इंजिनालाच तो पाळता येत नव्हता. माझ्या लेखी या एका निरीक्षणाने अर्धं काम झालं, कारण डबा, वायर, यूएसबीचा हब, एकाच कामाला चुकून जोडलेली दोन बटणं असल्या सगळ्या शंका त्याने एका फटक्यात मागे पडल्या. थ्रॉटल ठीक आहे, पण मिक्स्चर दुसऱ्याच कुठल्या बटणावर जोडलेलं असेल, हे तेवढं उरलं. त्यासाठी लाल दांडा पाहिला. तो पूर्ण आत होता, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण पूर्ण श्रीमंत, पेट्रोल जास्तीत जास्त. समुद्रसपाटीजवळ तसंच हवं.

पुढचं भराभर उरकलं. 152 मध्ये डावी टाकी, उजवी टाकी निवडण्याची भानगड नसते. दोन सीटच्या मध्ये जमिनीवर एकच इंधनाची झडप असते, ती उघडी होती. टाक्या निम्म्याहून जास्त भरलेल्या. ठिणगी पुरवणारे दोन्ही मॅग्नेटो जमिनीवर 1,700 फेऱ्यांना तपासले: एकेकावर नेलं की फेऱ्या 125 हून जास्त पडता कामा नयेत आणि दोघांतला फरक 50 च्या आत हवा. दोन्ही बसलं. सिम्युलेटरमध्ये मुद्दाम बिघाड घडवून आणण्याची सोय असते, ती बंद होती.

या टप्प्यावर मी कॉटवर बसलेल्या बाबांना मोठ्याने सगळं ऐकवत होतो. बाबा कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते, 1982 चा गिरणी संप होईपर्यंत. विमानाशी त्यांचा संबंध नाही, पण बंद पडलेल्या यंत्रासमोर उभं राहण्याची त्यांची सवय जुनी. त्यांनी काय बिघडलं ते विचारलंच नाही.

"हे कधी होतं रे?"

"कधीही होतं बाबा. रोज."

"परवा तू गोव्याला का कुठे नेलंस ते विमान, तेव्हा नाही झालं."

खरं होतं. तेव्हा मी हवामानाच्या यादीतून निरभ्र आकाश निवडलं होतं. एरवी माझा सिम्युलेटर त्या क्षणाचं खरं हवामान ओढून घ्यायचा: खिडकीबाहेर पाऊस, तर पडद्यावरही पाऊस. मी सांताक्रूझ विमानतळाचा मेटार उघडला. मेटार म्हणजे दर अर्ध्या तासाने निघणारा हवामानाचा अहवाल. त्यात तापमान आणि दवबिंदू तिरकी रेघ घालून शेजारीशेजारी लिहितात. त्या संध्याकाळी तिथे 27/25 होतं.

बाबांना मी दोन आकडे वाचून दाखवले आणि ते चटकन म्हणाले, "दोनाचाच फरक? मग हवा भिजलेली आहे." साचाखात्याच्या भिंतीवर दोन थर्मामीटर असायचे, एक सुका आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. दोघांतला फरक वाढला की हवा कोरडी पडली असं समजायचं. मग ताण्याचे धागे पटापट तुटत, आणि म्हणून खात्यात पाण्याचे फवारे सोडून दमटपणा राखत. मुंबईत कापसाच्या गिरण्या रुजल्या त्याला इथली ओली हवाही कारण होती. ओला थर्मामीटर आणि दवबिंदू ही मोजमापं एक नव्हेत, पण हवा इतकी ओलावली की दोन्ही जवळजवळ येतात, आणि बाबांचा निष्कर्ष बरोबर होता: हवेची आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात होती.

ज्या हवेत सूत टिकतं तीच हवा कार्बोरेटरला जड जाते.

कार्बोरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून जाते. तिथे तिचा वेग वाढतो, दाब उतरतो, तापमानही उतरतं. त्याच जागी पेट्रोल फवारलं जातं, आणि वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. इंजेक्शनआधी दंडावर फिरवलेला स्पिरिटचा बोळा गार लागतो, तसंच. दोन्ही मिळून आतलं तापमान तीस-पस्तीस अंशांनीही पडू शकतं. म्हणजे बाहेर 27 अंश आणि घामाच्या धारा असताना गळ्यात शून्याखाली. हवेतलं बाष्प तिथे बर्फ होऊन थ्रॉटलच्या झडपेभोवती बसतं. थ्रॉटल पूर्ण उघडं असेल तर वाट रुंद असते. अर्धवट मिटलेलं असेल तर फट आधीच बारीक, ती आणखी चिंचोळी होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाची वैमानिकांसाठीची पुस्तिका सांगते की तापमान 21 अंशांखाली आणि आर्द्रता 80 टक्क्यांवर असताना हा धोका सर्वांत जास्त, पण 38 अंशांच्या हवेतही, आर्द्रता निम्मीच असली तरी, बर्फ धरू शकतो. आपल्याकडे बर्फ म्हटलं की हिमालय डोळ्यांसमोर येतो. म्हणूनच हे कारण मुंबईत बसलेल्या माणसाला सहज सुचत नाही.

खऱ्या विमानाच्या बाबतीत या बर्फाची एक भयंकर गोष्ट आहे. विमान कोसळल्यावर तपास करणारे पोचेपर्यंत तो वितळून गेलेला असतो. इंजिन उघडलं तर सगळे भाग धडधाकट. अशा वेळी त्या तासाचं तापमान आणि दवबिंदू यांवरून बर्फाची शक्यता पडताळावी लागते. मेटारमधले ते दोन आकडे तेव्हापासून मी फार गंभीरपणे वाचतो.

उपाय 152 च्या पॅनलवरच असतो. थ्रॉटलच्या डाव्या बाजूला कार्बोरेटर हीटची मूठ असते. ती ओढली की एक्झॉस्टभोवती तापलेली हवा कार्बोरेटरला मिळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस होता. काटा 1,900 वर येऊ दिला आणि मूठ पूर्ण ओढली. फेऱ्या आणखी पडल्या. गरम हवा विरळ असते, म्हणून सुरुवातीला ताकद कमीच होते, आणि त्यात वितळलेलं पाणी इंजिनात ओढलं जातं. इंजिन खोकल्यासारखं अडखळलं, विमान थरथरलं. याच क्षणी घाबरून मूठ परत आत ढकलण्याचा मोह होतो. तो टाळणं हाच या उपायाचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि खऱ्या विमानात तर किती कठीण जात असेल. मी धरून राहिलो. खडखड थांबली. काटा उठला, 2,000, 2,100, आणि मूठ आत सारल्यावर पुन्हा 2,200 वर जाऊन स्थिरावला. बाबा मागे उभे राहून बघत होते. "सुटलं," ते म्हणाले.

मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. बर्फ हेच कारण असेल, तर ज्या इंजिनात कार्बोरेटरच नाही त्याला हा त्रास व्हायला नको. नव्या पिढीच्या सेसना 172 मध्ये 180 अश्वशक्तीचं इंजिन आहे, आणि त्यात पेट्रोल थेट प्रत्येक सिलिंडरजवळ सोडलं जातं. कार्ब हीटची मूठही त्यात नसते. त्याच पावसात, त्याच उंचीवर, थ्रॉटल तितकंच मागे घेऊन ते वरळी ते चिंचपोकळी फिरवत राहिलो. काटा जागचा हलला नाही. मग शंका उरली नाही.

थ्रॉटलचा डबा मात्र मी तरीही उघडला. आकडे किंचित थरथरत होतेच. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर ते शांत झाले. तो दोष वेगळा होता, लहान होता, आणि आधी तोच हाती लागला असता तर त्याच्यावरच सगळं खापर फुटलं असतं.

डिसेंबरात दवबिंदू बराच खाली आल्यावर 152 पुन्हा त्याच वाटेने नेलं. 2,200 फेऱ्यांवर बराच वेळ घिरट्या घातल्या, काटा फारसा सरकला नाही. तरीही आता उतरण्यासाठी थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब हीट पूर्ण ओढतो, हवा कोरडी असो वा ओली, कारण 152 च्या पुस्तिकेत क्रम तोच दिला आहे: आधी ती मूठ, मग थ्रॉटल.