मार लागल्यावर मेंदूची घाई

डोक्याला जबर मार लागला की मेंदूतल्या पेशी मरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच दिवसांत मेंदूच्या एका कोपऱ्यात नव्या पेशी जन्मण्याचा वेग वाढतो, हे उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माझं काम या दुसऱ्या गोष्टीवर चालतं, आणि सणाला गावी वडूजला आले की प्रश्नही त्यावरूनच येतात. उसाच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, त्यामुळे हा विषय इथल्या घराघरांत पोहोचलेला आहे. ओळखीतल्या एका काकांनी मला विचारलं, ‘ताई, पेशी वाढवायचं इंजेक्शन निघालंय म्हणत्यात. पोराला देऊ का? जमिनीचा एक तुकडा काढायची तयारी हाय.’

त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने लिहिते.

नव्या पेशी जन्मतात तो कोपरा म्हणजे मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातला डेंटेट जायरस. उंदराच्या मेंदूचा केसाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशींची एक गच्च, वाकलेली पट्टी दिसते. डबलकॉर्टिन या प्रथिनाला चिकटणारा चमकता रंग दिला की त्या पट्टीच्या आतल्या कडेला मोजक्या पेशी उजळतात. प्रत्येकीची एक बारीक फांदी वर, जुन्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत गेलेली असते. या नुकत्याच जन्मलेल्या चेतापेशी, आणि त्यांना जन्म देणाऱ्या मूळपेशी तिथेच कडेला बसलेल्या असतात. जोसेफ आल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्ये घुशीच्या मेंदूत ही गोष्ट दाखवली, तेव्हा फारसं कुणी ऐकून घेतलं नाही. पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने याच मूळपेशींवर काम केलं. नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतलं निरोप्या रसायन कमी केलं की या पेशींचं विभाजन मंदावतं, हे त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं होतं.

मूळपेशी इतरांचे निरोप ऐकतात, हे त्यातून कळलं. त्या प्रतिकारशक्तीचेही निरोप ऐकतात, हे पुढच्या काही वर्षांत कळलं.

असे निरोप ऐकणाऱ्या ग्राहक प्रथिनांपैकी टोल हे आधी फळमाशीत सापडलं. माशीच्या गर्भाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ते ठरवतं. पुढे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की याच प्रथिनाच्या जोरावर माशी बुरशीशी लढते. सस्तन प्राण्यांतला त्याचा भाऊबंद टीएलआर-४ जिवाणूंचं कवच ओळखतो, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी सिद्ध केलं. या कामासाठी दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. मेंदूला मुका मार लागतो तेव्हा जिवाणू कुठेच नसतात. पण फुटलेल्या पेशींमधून एचएमजीबी-१ सारखी प्रथिनं बाहेर सांडतात, आणि टीएलआर-४ त्यांनाही धोक्याची खूण समजतो.

२००७ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत असं दिसलं की हे ग्राहक मूळपेशींच्या अंगावरच असतात. टीएलआर-२ हा याच कुळातला दुसरा ग्राहक नसलेल्या उंदरांत नव्या चेतापेशी कमी झाल्या, तर टीएलआर-४ नसलेल्यांत वाढल्या. म्हणजे टीएलआर-४ बंद करावा, पेशी वाढतील आणि रुग्ण सुधारेल, असं कुणालाही वाटेल.

गोम इथेच आहे. अमेरिकेत विजी संथाकुमार यांच्या गटाने २०१७ मध्ये घुशींच्या मेंदूला ठरावीक मार देऊन पुढचे आठवडे डेंटेट जायरस तपासला. सुरुवातीला नव्या पेशींचा पूर आला. नंतर मात्र त्यांचा जन्मदर मार न लागलेल्या घुशींपेक्षाही खाली गेला, आणि त्या घुशींना झटके लवकर येऊ लागले. आमच्या खटाव-माणच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच पावसावर सगळं बियाणं पेरून टाकलं तर उगवण दिसते, पण घरात पुढच्या पेरणीला काही उरत नाही. त्या प्रयोगात सुरुवातीची वाढ औषधाने आवरली तेव्हा झटक्यांचा धोका कमी झाला.

याच गटात अक्षता कोरगावकर यांनी टीएलआर-४ रोखणारं औषध वापरून पाहिलं. त्यांचा २०२० चा निष्कर्ष मला या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार लागलेल्या घुशींची कामापुरती स्मरणशक्ती औषधाने सुधारली आणि निरोगी घुशींची त्याच औषधाने बिघडली. ग्राहक एकच, पण निरोगी मेंदूत तो आधारपेशींमार्फत उत्तेजना आवरतो, आणि मारानंतर चेतापेशींमधून तीच उत्तेजना वाढवतो.

टीएलआर-४ सारखे ग्राहक जो दाह पेटवतात, तो सरसकट दाबण्याचा प्रयोग माणसांवर झालेला आहे. ‘क्रॅश’ या चाचणीत डोक्याला मार लागलेले १०,००८ रुग्ण होते. स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. २००४ मध्ये हे आकडे छापून आले आणि वर्षानुवर्षांची सवय मोडली. हे मृत्यू नेमके कशाने वाढले ते त्या चाचणीतून कळत नाही, पण आंधळेपणाने दाह विझवू नये एवढं नक्की कळतं.

प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी किती जन्मतात यावर आमच्यातच वाद आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी नेमके उलट निष्कर्ष छापले. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या नव्या पेशी भरवशाने मोजून देईल असा कोणताही स्कॅन आज नाही. भारतात २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की डोक्याच्या अशा दुखापतींसाठी मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरायच्या. अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. तरीही मूळपेशींची इंजेक्शनं विकली जातात, जमिनी विकल्या जातात, आणि मला याचा संताप येतो.

काकांना मी आधी मुलाचं विचारलं. अपघाताला आठ-नऊ महिने झाले होते. जेवताना तो मध्येच थांबतो, एकटक बघतो, तोंडात घास नसताना चावल्यासारखं करतो, शर्टाचं बटण चाचपत राहतो. मिनिटाभराने भानावर आला की मधलं काही आठवत नाही. घरच्यांनी ते ‘मार लागल्यापासून जरा हरवल्यासारखा असतो’ म्हणून सोडून दिलं होतं. हात-पाय झाडत नाही म्हणजे आकडी नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण हिप्पोकॅम्पसच्या परिसरातून उठणारा झटका बहुतेक वेळा असाच दिसतो, आणि त्यावर साध्या गोळ्या मिळतात.

मी त्यांना पुढचा झटका मोबाइलवर चित्रित करून ठेवायला आणि इंजेक्शनवाल्यांना ‘पेशी वाढल्या हे तुम्ही कसं मोजणार?’ एवढंच विचारायला सांगितलं. जमिनीचा व्यवहार त्यांनी थांबवला आणि तो व्हिडिओ घेऊन साताऱ्याला मेंदुविकारतज्ज्ञाकडे गेले.