कर्कवृत्तापलीकडचे ऊन

ऊन ही हौसेने जाऊन बसण्याची जागा आहे, असे लहानपणी मला कोणी सांगितले असते तर मी त्याला खुळ्यात काढले असते. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी ऊन हे टाळायचे असते. रस्त्याने चालणारा माणूस एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत पाय टाकतो. घरेसुद्धा पडवीचे छप्पर डोळ्यांवर ओढून उन्हाला पाठमोरी बसल्यासारखी दिसतात. उन्हातून कोणी घरी आला की आई आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे करी. कुठे होतास, काय केलेस, हे प्रश्न मागाहून.

नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलो आणि पहिल्याच डिसेंबरात माझ्या ह्या समजुतीला धक्का बसला. मधल्या सुट्टीची वेळ होताच आमचा सगळा सेक्शन उठून बाहेरच्या हिरवळीवर निघाला. कोणाच्या हाती भुईमुगाच्या शेंगांची पुडी, कोणाच्या खिशात रेवड्या, कोणाच्या पिशवीत चार किन्नू. कोणाचा तरी निरोपसमारंभ असावा असे वाटून मी शेजारच्या सहकाऱ्याला विचारले, ‘‘आज काय विशेष?’’ त्याने वर पाहिले आणि म्हणाला, ‘‘धूप है.’’

त्या दिवसापासून मीही त्या पंथाला लागलो. उन्हाकडे पाठ करून बसावे, कोटातून ऊब हळूहळू अंगात उतरू द्यावी, किन्नूची एकेक फोड तोंडात टाकावी आणि बिया गवतात फेकाव्या. फायलींविषयी त्या अर्ध्या तासात कोणी बोलत नाही. बोललेच तर मटार काय भावाने मिळाला, धुके किती वाजता हटले, एवढेच. रविवारी हाच सोहळा आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर होतो. बायका मटार सोलीत बसतात, कठड्यांवर रजया पसरलेल्या असतात, आणि शेजारचे वृद्ध सरदारजी आपली बाज उन्हाबरोबर सरकवीत सकाळची संध्याकाळ करतात. आपल्यासारख्या परप्रांती नोकरी करणाऱ्यांचे बरेचसे आयुष्य ‘बदली झाली म्हणजे जगू’ ह्या आशेवर तहकूब ठेवलेले असते. मला वाटते, माझ्या पुरते ते कामकाज पुन्हा सुरू झाले ते ह्या उन्हात.

गेल्या आषाढात आई गेली. दिवाळीनंतर मी अण्णांना दिल्लीला घेऊन आलो. गावच्या घराला कुलूप लावले तेव्हा ते कुलूप त्यांनी दोनदा ओढून पाहिले, आणि मग जणू स्वतःलाच कुलूप लावून घेतले. चौतीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकवलेला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारा हा माणूस आमच्या आतल्या खोलीत, दिवासुद्धा न लावता, शाल गुंडाळून बसू लागला. जेवायला हाक मारली की जेवत. विचारले तर हो-नाही म्हणत. आपण होऊन बोलले ते एकच वाक्य : ‘‘माझे परतीचे तिकीट जानेवारीअखेरचे काढून ठेव.’’ मी ते काढले. रिकाम्या घरात हे एकटे काय करतील, ह्या विचाराने रात्री मला झोप येत नसे. पण हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

‘‘गच्चीवर चला, छान ऊन पडले आहे,’’ असे मी दोन रविवार म्हणून पाहिले. ‘‘ऊन काय बघायचे?’’ म्हणून त्यांनी कूस बदलली. अखेर युक्ती केली ती माझ्या पत्नीने. नोव्हेंबर संपता संपता एका दुपारी ती म्हणाली, ‘‘अण्णा, वर रजया घातल्या आहेत आणि माकडे फार त्रास देतात. मी स्वयंपाक आटपेपर्यंत तुम्ही जरा राखण बसाल का?’’ सुख म्हणून जो माणूस जागचा हलला नसता, तो काम म्हणताच काठी घेऊन जिना चढला.

संध्याकाळी मी कचेरीतून परतलो तो अण्णा दारातच उभे. ‘‘अरे, तुला ठाऊक आहे का, भर दुपारी माझी सावली माझ्यापेक्षा लांब पडते!’’

मी नुसता पाहत राहिलो. त्यांना वाटले, मला समजले नाही. म्हणून त्यांनी वर्गात सांगावे तसे सांगितले. आपल्या गावी अगदी २२ डिसेंबरलासुद्धा मध्यान्हीची सावली माणसाच्या उंचीला पोचत नाही. येथे सूर्य त्या दिवशी क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर येतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेस सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. पण कर्कवृत्त ओलांडले होते ते आयुष्यात प्रथमच, आणि तेही भोपाळ सोडल्यावर गाडीत भिंतीकडे तोंड करून निजलेले असताना.

दुसऱ्या दिवसापासून पडद्याची एक तीन फुटी काठी आमच्या घरातून गच्चीवर गेली. अण्णा ती ओळंब्याने उभी करीत. सरदारजी टेप धरून इंच पुकारीत. एकाचे हिंदी बेतास बात आणि दुसऱ्याचे मराठी अजिबात नाही. पण इंच दोघांनाही कळत होते. ‘मास्टरजी’ घड्याळातले बारा हे खरे मध्यान्ह मानीत नसत. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, दिल्ली त्याच्या पश्चिमेला. म्हणून जानेवारीच्या मध्यात येथला सूर्य साडेबाराला माथ्यावर येतो, हे त्यांनी साऱ्या गच्चीला पटवून दिले. २२ डिसेंबरची सावली सेहेचाळीस इंच भरली. वहीत काही दिवशी फक्त ‘धुके. सूर्य नाही.’ एवढीच नोंद असे आणि त्या संध्याकाळी अण्णा थोडे गप्प असत. एका रविवारी मी त्यांना जंतरमंतरला नेले. सवाई जयसिंहाच्या सम्राट यंत्राची ती चढती भिंत दिल्लीच्या अक्षांशाइतकीच कललेली आहे, हे कळल्यावर त्यांनी तिच्यावर असा हात फिरवला की जणू गोठ्यातल्या गाईची पाठ थोपटताहेत.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या प्रवासाची बॅग काढली. ते म्हणाले, ‘‘तिकीट पुढे ढकलता येईल का? विषुवदिनाची सावली मोजून जातो.’’ ती २० मार्चला साडेएकोणीस इंच भरली. त्यानंतर मात्र ते थांबले नाहीत. निघताना ती काठी त्यांनी आमच्याकडेच ठेवली. ‘‘तिकडे दुसरी करीन,’’ म्हणाले. सरदारजी खाली रिक्षापर्यंत आले होते.

एप्रिलभर मी धास्तावलेला होतो. फोनवर अण्णा नीट बोलत. पण फोन ठेवल्यावर त्या घरात काय उरत असेल, हे मला दिसत असे. मेच्या नऊ तारखेला रात्री त्यांचाच फोन आला. ‘‘उद्या रविवार आहे. बरोबर बारा वाजून अठरा मिनिटांनी गच्चीवर जा आणि सावली मोज. आमच्याकडे मध्यान्ह तुमच्यामागून सोळा मिनिटांनी. मी अंगणात उभा असेन.’’

मेमधल्या दिल्लीच्या गच्चीवर दुपारी चिटपाखरू नसते. मी काठी उभी केली, मुलीने टेप धरला. सात इंच. पाय भाजत होते, म्हणून आकडा लिहून आम्ही खाली पळालो.

पाऊण वाजायच्या आत फोन वाजला. ‘‘आमच्या काठीला सावलीच नव्हती! काठीच्या बुडाशी गोळा झाली होती सगळी. तुझी किती?’’

मी सांगितली. पलीकडे कागदाचा आवाज. सात इंच म्हणजे अकरा अंश. नकाशावर आमच्या दोन गावांत दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,२२० किलोमीटर. तेव्हा साऱ्या पृथ्वीचा घेर किती? एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन गावांवरून मांडलेले हे गणित अण्णांनी कित्येक वर्गांना घातले होते. पण दुसऱ्या गावची सावली कळवणारे कोणी त्यांना आजवर मिळाले नव्हते.

‘‘चाळीस हजाराला थोडे कमी,’’ ते म्हणाले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. ‘‘फारसे चुकलेले नाही.’’

मी पुढचे काही विचारणार तोच ते म्हणाले, ‘‘भर उन्हातून खाली आलास ना? आधी गुळाचा खडा आणि पाणी घे. मग बोलू.’’