आधी तपासणी, मग फी



गेल्या महिन्यात दहावीतल्या एका विद्यार्थिनीचे वडील आमच्या कार्यालयात आले. लूमच्या खात्यात नोकरी, मूळ गाव खानदेशात. म्हणाले, "सर, पोरीला विमान चालवायचं आहे. गावची जमीन विकू का?" आम्ही त्यांना बसवले आणि आमचीच एक जुनी चूक सांगितली.

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याला आम्ही मोठ्या हौसेने विमान-प्रशिक्षणाला जा म्हणून सांगितले. वडिलांनी कर्ज काढून सगळी फी एकरकमी भरली. नंतर वैद्यकीय तपासणीत मुलाला रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. पैसे थोडेच परत मिळाले. दोष मुलाचा नव्हता, चौकशी न करता सल्ला देणाऱ्या आमचा होता.

त्यानंतर आम्ही नियम वाचले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे शब्दकोश जवळ ठेवूनच वाचावे लागले. म्हणून येथे सोप्या मराठीत सांगतो. दहावी उत्तीर्ण मुलाला सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना आणि १७ व्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. त्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. मात्र या परवान्यावर पगार घेऊन विमान चालवता येत नाही. नोकरीसाठी व्यावसायिक परवाना हवा. त्याला वयाची १८ वर्षे आणि २०० तास लागतात.

खर्च वाचतो तो क्रमामुळे. पहिली वैद्यकीय तपासणी. मग हवाई नियम, हवामान, नेव्हिगेशन यांचा अभ्यास घरी बसून. पैसे पुरेसे जमल्यावर पावसाळा संपताच उड्डाण सुरू करावे आणि मध्ये खंड पडू देऊ नये. खंड पडला की मागचा धडा पुन्हा गिरवावा लागतो आणि ४० चे तास वाढत जातात. फी हप्त्यांनी भरावी. भरण्यापूर्वी संस्थेची किती विमाने प्रत्यक्ष उडतात, हे डोळ्यांनी पाहून यावे.

पैशांची सोय नसेल, तर कॉलेजात एन.सी.सी.ची हवाई शाखा पाहावी. तेथे कॅडेटना मायक्रोलाइट विमानातून उडण्याची संधी मिळते. परवाना मिळत नाही, पण आवड खरी की खोटी ते कळते.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे.आर.डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ते मुंबईच्या ज्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकले, त्याच क्लबने पुढे आपल्या धुळ्याला प्रशिक्षण सुरू केले. हे ऐकून ते वडील हसले. "म्हणजे आमच्या गावाकडेच की!"

जमीन विकलेली नाही. येत्या सुट्टीत बापलेक आधी तपासणी करून घेणार आहेत. इतर पालकांनीही फी भरण्यापूर्वी एकदा आमच्याकडे यावे. या वेळी आम्ही चौकशी करूनच बोलू.

— मुख्याध्यापक